तोंड झाकलं म्हणून ॲक्टिंग झाकत नाही

आज सकाळी नागपूरच्या धरमपेठेत तर्री-पोह्याच्या ठेल्यावर चार पोरांचा बॅटमॅनवरून वाद रंगला होता. बॅटमॅन झालेल्या नटांत ख्रिश्चन बेल भारी की रॉबर्ट पॅटिन्सन? एका भाऊने प्लेटीत तर्री ओतून घेत निकालच देऊन टाकला, "काहून भांडता बे? तोंड तं झाकलेलंच असते. रबर घालून कोणीही उभा राह्यला तरी चालते." सगळे हसले, त्यांचा विषय संपला. माझा नाही संपला. तुम्ही मंडळी हे सिनेमे जीव लावून बघणारी, म्हणून इथे लिहिते.

कोणीही उभा राहिला तरी चालते? मग त्या रबराखाली नटाकडे उरतं काय ते बघा. बॅटमॅनच्या काउलमध्ये, म्हणजे डोकं झाकणाऱ्या रबरी मुखवट्यात, कपाळ गेलं, भुवया गेल्या, गालाचा वरचा भाग गेला, कान गेले. राग, शंका, आश्चर्य दाखवायला नट सगळ्यात आधी भुवई वापरतो, ती पहिल्याच दिवशी काढून घेतली. डोळ्यांभोवती काळा रंग फासायचा, नाहीतर रबर आणि कातडी यांच्यामधली फट कॅमेऱ्यात दिसते. रंग फासला की डोळे खोबणीत बुडतात, म्हणून नुसती बुबुळं चमकावीत यासाठी वेगळा प्रकाश द्यावा लागतो. तो चुकला की पडद्यावर डोळ्यांच्या जागी दोन काळी भोकं. व्हरायटी चौकात मे महिन्यात हेल्मेट घालून सिग्नलला उभं राहा, कानात काय ऐकू येतं आणि घाम कुठून कुठे जातो ते कळेल. त्या अवस्थेत संवाद म्हणायचा, तोही भीती वाटेल असा.

१९८९ च्या सिनेमात मायकेल कीटनचं काउल खांद्यांनाच जोडलेलं होतं. मान वळतच नव्हती. झटक्यात वळायला गेला तर रबर फाटलं. मग त्याने काय केलं? मान वळवायचा नादच सोडला. बघायचं असेल तर छातीसकट अख्खं अंग वळवायचं, तेही सावकाश. आज ज्याला आपण बॅटमॅनची ऐट म्हणतो, तिचा मोठा भाग त्या न वळणाऱ्या मानेतून आला आहे. त्याची निवड झाली तेव्हा लोकांनी स्टुडिओकडे निषेधाच्या पत्रांचा ढीग लावला होता. विनोदी नट आहे, हनुवटी नाही, उंची नाही. आणि त्या माणसाने नुसत्या ओठांवर आणि डोळ्यांवर सिनेमा तोलून धरला.

ख्रिश्चन बेलचं तंत्र वेगळं. 'द मशिनिस्ट'साठी हाडांचा सापळा झालेला माणूस काही महिन्यांत अंग भरून २००५ च्या 'बॅटमॅन बिगिन्स'ला उभा राहिला, ते सगळ्यांना माहीत आहे. मला महत्त्वाचा वाटतो तो आवाज. ऑडिशनला आधीचा बॅटमॅन वॅल किल्मर याचा जुना सूट अंगावर चढवला, तेव्हाच त्याने ठरवलं की या कपड्यात साधं बोललं तर हसू येईल, इथे जनावरच बोललं पाहिजे. हो, 'द डार्क नाइट'च्या शेवटी लांबलचक वाक्यं त्याच घशातून काढताना कानाला त्रास होतो, मान्य. पण तो दोष मोठ्या वाक्यांचा. खरवडलेला आवाज चार शब्दांत धमकी वाटतो, चाळीस शब्दांत घसा बसल्यासारखा वाटतो. त्याच सिनेमात मान वळावी म्हणून काउल सूटपासून वेगळं केलं, आणि ही मागणी कथेतच ब्रूस वेनच्या (मुखवट्याआडचा बॅटमॅन तो हाच) तोंडी घातली. अडचण कपड्याची, उत्तर पटकथेत. याला म्हणतात डोकं लावणं!

२०२२ च्या पॅटिन्सनने उलटी वाट धरली. आवाज चढवलाच नाही, जवळजवळ कुजबुजतो. आणि दिग्दर्शक मॅट रीव्ह्जने आजवर लपवलेली गोष्ट उघडी केली: मुखवटा काढल्यावर डोळ्यांभोवती पसरलेला काळा रंग. १९९२ च्या 'बॅटमॅन रिटर्न्स'मध्ये कीटन काउल फाडून काढतो, त्याच्या क्षणभर आधी तो रंग गायब झालेला असतो. हवं तर थांबवून बघा. रीव्ह्जने तोच रंग घामाने ओघळलेला ठेवला आणि ब्रूस वेन झोपत नाही, हे एकही वाक्य न बोलता कळलं.

आता माझा खरा राग. त्या ठेल्यावरच्या भाऊलाही मी पूर्ण दोष देत नाही. आपल्याकडे हे सिनेमे बरेच जण हिंदी डबिंगमध्येच बघतात. तोंड झाकलेल्या नटाकडे उरतं अर्धं अंग आणि अर्धा आवाज, त्यातला आवाजही आपण काढून घेतो आणि वर विचारतो ॲक्टिंग कुठे आहे? 'द डार्क नाइट राइजेस'मधला टॉम हार्डीचा खलनायक बेन घ्या. बॅटमॅनचे ओठ उघडे आणि कपाळ झाकलेलं, बेनचं बरोबर उलट. एकाच फ्रेममध्ये दोन अर्धे चेहरे. हार्डीचे डोळे शांत आहेत आणि आवाज कवितेच्या चालीत वरखाली होतो, भीती त्या विसंगतीची आहे. डबिंगमध्ये तो नेहमीचा गुरगुरणारा गुंड झाला की संपलं. घरातल्या लहानांना आणि आजीला हिंदीच बरं पडतं, हेही खरं. पण मग नटांची तुलना करू नका ना भाऊ.

स्पायडरमॅनची गत तर आणखी कठीण, तिथे ओठसुद्धा नाहीत. २००२ च्या सिनेमात गच्चीवर स्पायडरमॅन आणि खलनायक ग्रीन गॉब्लिन बोलतात. दोन्ही मुखवटे ठार निश्चल. मागून चढवलेला आवाज आणि हलणाऱ्या माना, एवढ्यावर तो प्रसंग चालतो आणि म्हणूनच पडतो. गॉब्लिन झालेल्या विलम डॅफोच्या हेल्मेटला डोळ्यांच्या जागी उघडणारी झापडं दिली होती, ती पुरली नाहीत. तोच डॅफो आरशासमोर, उघड्या चेहऱ्याने, स्वतःशी भांडतो तो प्रसंग बघा. अंगावर काटा येतो. 'नो वे होम'वाल्यांनी २०२१ मध्ये हे ओळखलं आणि त्याच्याच हातून हेल्मेट फोडून टाकलं. नंतरचा स्पायडरमॅन टॉम हॉलंड, त्याच्या मुखवट्याचे डोळे बारीक-मोठे होतात, तीही हरवलेल्या भुवयांची भरपाई. तरी तो मुळात नाचणारा पोरगा, लंडनच्या रंगमंचावर 'बिली इलियट' केलेला, त्यामुळे खांदे आणि गुडघे बोलतात. २००२ चा स्पायडरमॅन टोबी मॅग्वायर, त्याच्या वाट्याला हलणारे डोळे नव्हते, म्हणून दिग्दर्शक सॅम रेमीने २००४ मध्ये रेल्वेच्या प्रसंगात मुखवटा काढायला लावला. दात आवळलेला, ताणलेला, अजिबात देखणा न दिसणारा तो चेहरा. मुखवटा असता तर नुसते दोर ताणलेले दिसले असते.

उघडा चेहरासुद्धा बिघडवता येतो. २०१७ च्या 'जस्टिस लीग'च्या पुन्हा केलेल्या शूटिंगच्या वेळी हेन्री कॅव्हिलला दुसऱ्या सिनेमासाठी मिशी होती, ती संगणकावर पुसली. वरचा ओठ खोटा झाला. हसू तिथून सुरू होतं, प-ब-म तिथे मिटतात. एवढीशी पट्टी चुकली आणि अख्खा सुपरमॅन परका वाटला.

परदेशी पैसा आहे म्हणून जमतं, असं कोणीतरी खाली लिहीलच. २०२१ चा मल्याळम 'मिन्नल मुरली' बघा. त्यातला खलनायक, गुरू सोमसुंदरमचा शिबू. बुजगावण्याच्या वेशात तो हिंडतो तेव्हा पाठीचा बाक आणि चाल यांवरून ओळखू येतो. आणि जिच्यासाठी आयुष्य झुरला ती उषा होकार देते, तेव्हा दिग्दर्शक बेसिल जोसेफ कॅमेरा त्याच्या उघड्या चेहऱ्यावरून हलवत नाही. हसू येतंय की रडू, हे त्या चेहऱ्यालाच ठरवता येत नाही. हा प्रसंग मल्याळममध्येच बघा, खाली सबटायटल्स लावून, आणि मग कमेंटमध्ये बेल की पॅटिन्सन ते लिहा.