ब्लॉग लिहा, नाव निघेल

पन्नाशी उलटली, बीपीची गोळी सुरू झाली, पोरगी नोकरीसाठी हिंजवडीला गेली आणि रात्री दोनला उघडलेला डोळा पुन्हा लागेनासा झाला, म्हणजे ब्लॉग सुरू करायचं वय झालं असं समजा. अजिबात संकोच करू नका, राजेहो. उशीर म्हणाल तर फारसा नाही. ब्लॉगर हे ब्लॉग लिहायचं संकेतस्थळ १९९९ मध्ये सुरू झालं, २००३ मध्ये गूगलनं ते विकत घेतलं, मग मराठी माणूस तिथे हौसेनं लिहिता झाला आणि यथावकाश उठून फेसबुकवर गेला. त्याची पोरं आता रील बनवतात. तुम्हाला निवांतपणा हवाच होता ना?

नाव ठरवायला एक अख्खा पावसाळा द्या. 'मनातलं', 'अंतरंग', 'सहज सुचलं' यातलं जे सुचेल ते आधीच कोणीतरी घेऊन ठेवलेलं असतं आणि त्याची शेवटची नोंद 'आता नियमित लिहीन' अशी असते.

घरी रीतसर जाहीर करा. "पैसे भेटतात का त्याचे?" हे एकदाच विचारतील. नंतर कोणी काहीच विचारत नाही.

जुनं लेखन असेल तर तेही टाका. पंधरा वर्षांपूर्वी डीटीपीवाल्याकडून मोठ्या कौतुकानं टाइप करून घेतलेली ती फाइल शोधा. ती कृतिदेव नावाच्या जुन्या फॉन्टमध्ये असणार. ब्लॉगवर चिकटवली की तुमच्या हळव्या ललितलेखाच्या जागी इंग्रजी अक्षरं आणि स्वल्पविराम यांची रांगोळी दिसेल. घाबरू नका, युनिकोडमध्ये बदलून देणारी साधनं फुकट मिळतात. ती रफार आणि वेलांट्या आपल्या मर्जीनं हलवतात, तेवढं हातानं नीट करत बसा. रात्री दोनला दुसरं काम काय आहे?

नागपूरचे असाल तर संत्री, सावजी आणि ऊन, एवढ्यावरच लिहा. बाकीचं पुण्याच्या वाचकाला झेपत नाही.

विदर्भ साहित्य संघाची स्थापना १९२३ ची आहे. शंभर वर्षं त्यांचं तुमच्यावाचून काही अडलं नाही, तेव्हा मंचावर बोलावणं येईल म्हणून नवा कुर्ता शिवायला टाकू नका.

ब्लॉगरच्या आकडेवारीत स्वतःच्या भेटी न मोजण्याची सोय असते. तिला हात लावू नका. सुरुवातीचा सगळा वाचकवर्ग तोच आहे.

लेख टाकला की नातेवाइकांना दुवा पाठवा. सात मिनिटांच्या लेखावर अर्ध्या मिनिटात 'अप्रतिम!' येईल. हे लोक प्रेमळ आहेत. यांच्यापासून धोका नाही. धोका आहे तो खरोखर वाचणाऱ्यांपासून, कारण लेख आवडला की ते तो तुमच्याकडे ठेवत नाहीत.

मी बाबांच्या कूलरवर लिहिलं होतं. मार्च सरता सरता तो माळ्यावरून उतरवायचा, टाकीचा गंज घासून रंगाचा हात द्यायचा, बर्डीवरून, म्हणजे नागपूरच्या सीताबर्डीवरून, खस आणायची, पंपाची जाळी जुन्या टूथब्रशनं साफ करायची आणि मग बाबांची आरोळी, "सोड पाणी बे!" ओल्या खसचा पहिला वास घरभर पसरला की उन्हाळा सुरू. साधा लेख. खाली माझं नाव.

परवा तोच लेख साडभाऊंनी व्हॉट्सअ‍ॅपवर मलाच पाठवला. वर दोन बाण, 'अनेकदा फॉरवर्ड केलेला' असा किताब. २०२० पासून असा मजकूर एका वेळी एकाच ठिकाणी पुढे पाठवता येतो, तरी लोकांनी चिकाटी सोडलेली दिसत नाही. बर्डीचा 'बाजार' झाला होता. "सोड पाणी बे"चं "बाळा, पाणी सोड" झालं होतं. शेवटी नवा परिच्छेद: 'मित्रांनो, कूलर बंद पडण्याआधी आईवडिलांजवळ बसा.' हात जोडलेले. आणि माझ्या नावाच्या जागी, 'एका निवृत्त न्यायाधीशांचं मनोगत.' फॅमिली ग्रुपवर त्यावर दाद सुरू होती. "एवढ्या मोठ्या पदावर असूनही किती साधे!" साडभाऊंनी मला खाली खास लिहिलं होतं, "भाऊ, तुम्ही लिहिता ना? असं काहीतरी लिहा."

तेव्हा सल्ला असा, की लेखकानं विनम्र राहावं. पु. ल. देशपांडे २००० मध्ये गेले, व्हॉट्सअ‍ॅप २००९ मध्ये आलं, तरी त्यांच्या नावावर रोज सकाळी नवीन मजकूर येतो. त्यांची तक्रार आहे का? आपल्याला निदान न्यायाधीश मिळाले. कायद्याच्या नादी तर मुळीच लागू नका. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार लिहिताक्षणी हक्क लेखकाचा होतो, नोंदणी लागत नाही, तो हयातभर आणि मृत्यूनंतर साठ वर्षं टिकतो, आणि कलम ५७ प्रमाणे आपलं नाव सांगण्याचा व मजकुराची मोडतोड रोखण्याचा अधिकारही त्याला असतो. हे सगळं साडभाऊंना कोण सांगणार? दिवाळीला त्यांच्याकडेच जेवायला जायचं आहे.

तरी मी ग्रुपवर लिहिलं, हा लेख माझा आहे. उत्तर आलं, "कोणाचा का असेना भाऊ, चांगला विचार पोचला पाहिजे."

कोणाचा का असेना? बेसा रोडच्या तुमच्या प्लॉटच्या रजिस्ट्रीवर दुसऱ्याचं नाव चढवतो, मग म्हणा, कोणाचा का असेना!

आणि चुकून राहिलं असं सांगू नका. चुकून राहत नाही. लेख कॉपी करताना बोट खालपर्यंत ओढावं लागतं आणि नावाच्या बरोबर अलीकडे थांबवावं लागतं. म्हणजे कोणीतरी नाव पाहिलं, वाचलं आणि मुद्दाम टाकून दिलं. सगळा लेख उचलण्यापेक्षा त्याला जास्त मेहनत लागते, आणि ती मेहनत शिकली-सवरली, पेन्शन खाणारी माणसं करतात. लिहिणाऱ्यानं तुमच्याकडे पैसा मागितला नाही. दोन शब्दांचं नाव होतं, तेवढं सहन झालं नाही तुम्हाला. लेखक माहीत नसेल तर तसं लिहा, नाहीतर पाठवू नका. न्यायाधीश कशाला जन्माला घालता?

आणि साडभाऊ, ते 'बाळा' तेवढं आधी काढा. माझ्या बाबांनी उभ्या आयुष्यात कोणाला बाळा म्हटलं नाही.