दही, लिंबू आणि एक रागीट प्रतिक्रिया

लिंबूपाण्याने दातांचं इनॅमल, म्हणजे वरचं कठीण कवच, झिजतं असं सांगणाऱ्या माझ्या लेखाखाली टोपणनावाने आपण लिहिलंत: "पीएच [आम्लतेचं माप; आकडा जितका कमी तितकी आम्लता जास्त] ५.५ च्या खाली इनॅमल विरघळतं म्हणता, मग दह्याचा पीएच ४ असून दही खाणाऱ्यांचे दात अजून तोंडात कसे? माझी आजी जन्मभर चिंच-लिंबू खाऊन ऐंशीव्या वर्षी दातांनी ऊस सोलायची. फ्लोराईडबद्दल एक अक्षर नाही. आधी अकरावीचं केमिस्ट्री वाचा, मग लोकांना घाबरवा."

शेवटच्या वाक्यापासून सुरुवात करतो, कारण आपला सगळा जोर तिथेच दिसतो. अकरावीचं केमिस्ट्री मी वाचलंय. निवृत्त होईपर्यंत ज्युनिअर कॉलेजात तेच शिकवत होतो. पोरं वाट्टेल ते विचारायची, पण "सर, आधी वाचून या" असं तोंडावर कुणी म्हणालं नाही. शंका असेल तर सरळ विचारावी. टपली कशाला मारायची?

'दात खाणारं लिंबू' हे शीर्षक भडक होतं, एवढं मान्य. बदलतो.

आता दही. प्रश्न खरं तर चांगला आहे, फक्त आपण तो उत्तर समजून फेकलात. ५.५ ही काही लक्ष्मणरेषा नव्हे. लाळेत एरवी जेवढं कॅल्शियम आणि फॉस्फेट असतं, त्या हिशेबाने काढलेला तो ढोबळ आकडा आहे. द्रवात ही दोन्ही जास्त असली की आकडा खाली सरकतो, कमी असली की वर चढतो. १०० ग्रॅम दह्यात सुमारे १२० मिलिग्रॅम कॅल्शियम असतं, फॉस्फेटही भरपूर. त्यामुळे पीएच ४ असूनही दह्यात दाताचं खनिज विरघळायला वावच उरत नाही. विरघळण्याची ही मर्यादा ज्यावरून काढतात त्याला सोल्युबिलिटी प्रॉडक्ट म्हणतात आणि महाराष्ट्र बोर्डात तो बारावीला आहे, अकरावीला नाही. अर्ध्या हळकुंडाने पिवळं होऊ नये ते यासाठी.

लिंबाच्या रसाचा पीएच २ ते २.५ आणि कॅल्शियम नावापुरतं. इनॅमल वजनाने सुमारे ९६ टक्के खनिज, मुख्यतः हायड्रॉक्सीॲपेटाइट, म्हणजे कॅल्शियम, फॉस्फेट आणि हायड्रॉक्सिल यांचा स्फटिक. आम्लातले हायड्रोजन आयन फॉस्फेटला चिकटतात, हायड्रॉक्सिलचं पाणी करून टाकतात. भोवतालच्या द्रवातलं फॉस्फेट आणि हायड्रॉक्सिल असं कमी झालं की स्फटिक स्वतःजवळचं सोडू लागतो. वर लिंबाच्या आम्लातलं सायट्रेट सुटलेलं कॅल्शियम धरून ठेवतं. पाणी घालून पितो म्हणाल, तर लिंबातल्यासारखं वीक ॲसिड (सौम्य आम्ल) दहापट पातळ केलं तरी पीएच जेमतेम अर्ध्या अंकाने वाढतो. हेही वहीत लिहून घ्या.

शिवाय इनॅमल म्हणजे शुद्ध हायड्रॉक्सीॲपेटाइट नव्हे. फॉस्फेटच्या काही जागा कार्बोनेटने अडवलेल्या असतात. तिथे स्फटिक कच्चा राहतो आणि आम्लात तोच भाग आधी जातो. पुढे लाळेतून जे खनिज परत बसतं त्यात कार्बोनेट कमी असतं, आणि फ्लोराईड उपलब्ध असेल तर ते हायड्रॉक्सिलच्या जागी शिरतं. असा डागडुजी झालेला भाग आम्लाला आधीपेक्षा चिवट. (घ्या, फ्लोराईडचंही आलं.) पण डागडुजी होते ती मऊ पडूनही जागेवर राहिलेल्या थराची. तो थर ब्रशने खरवडून निघाला की संपलं, कारण इनॅमल घडवणाऱ्या पेशी दात उगवतानाच नाहीशा होतात.

आजीबाईंना माझा नमस्कार, पण एका माणसाच्या दातांवरून शास्त्र ठरत नाही. माझ्या थोरल्या भावाचंच बघा ना. रोज सकाळी कोमट लिंबूपाणी घोट घोट करत तासभर प्यायचं आणि लगेच खसाखसा दात घासायचे. आज त्याच्या पुढच्या दातांच्या कडा पारदर्शक झाल्यात, आतला पिवळेपणा दिसतो, माठातलं पाणीसुद्धा झोंबतं. डोळ्यांनी पाहिलंय मी. हाही एकाच माणसाचा दाखला, पुरावा नव्हे; पण वरच्या केमिस्ट्रीशी जुळतो.

बाकी मुद्द्यांत दम नाही. पुढची प्रतिक्रिया खऱ्या नावाने आली तरच छापेन.