टँक किती लिटरचा, हे विचारून रिअ‍ॅक्टर विकणं बंद करा

कॅल्शियम रिअ‍ॅक्टर (समुद्री कोरलच्या टँकला जोडायचं नळकांडं; आत कार्बन डायऑक्साइड सोडून आंबट केलेल्या पाण्यात चुनखडीचा मीडिया विरघळतो आणि कोरलला सांगाडा बांधायचा माल मिळतो) घ्यायचा म्हणून कुठेही फोन लावा, मुंबईला लावा, चेन्नईला लावा, नाहीतर इथे नागपुरातच विचारा, पहिला प्रश्न ठरलेला: "भाऊ, टँक किती लिटरचा?" हजारचा म्हटलं की लगेच, "मग हा घ्या, बाराशेपर्यंत चालते." झाली विक्री. आत मऊ कोरल आहेत की दगडी सांगाड्याचे, फांद्या फुटलेले अ‍ॅक्रोपोरा, रोज अल्कलिनिटी (पाण्यातला कार्बोनेटचा साठा) किती उतरते, एका शब्दाची चौकशी नाही. घर किती चौरस फुटांचं ते ऐकून महिन्याचा किराणा बांधून देणारा दुकानदार कुणी पाहिलाय का? खाणारी तोंडं किती, हे विचाराल की नाही?

लिटरवर काही ठरत नाही हो, खपावर ठरतं. आणि खप मोजायला लागतं काय? बाकीचं डोसिंग, म्हणजे वरून द्रावणं घालणं, बंद ठेवा, आज संध्याकाळी अल्कलिनिटी मोजा, उद्या त्याच वेळी पुन्हा मोजा. समजा हजार लिटरच्या टँकमध्ये दिवसाला १.५ डीकेएच (अल्कलिनिटीचं एकक) उतरली. म्हणजे एका दिवसात साधारण २७ ग्रॅम कॅल्शियम कार्बोनेट कोरलच्या सांगाड्यात गेलं. वर्षाचा हिशेब दहा किलोच्या आसपास जातो. तेवढा मीडिया त्या नळकांड्यात विरघळला पाहिजे, रोज थोडा थोडा, न चुकता. रिअ‍ॅक्टरमधून येणारं पाणी २५ डीकेएचचं असेल आणि टँक ८ वर ठेवायचा असेल, तर लिटरमागे १७ ची भर पडते. दिवसाला ८८ लिटर हवं, मिनिटाला ६० मिलिलिटरच्या थोडं वर. सातवीतलं पोरगं हे गणित करेल! त्याच हजार लिटरमध्ये नुसते मऊ कोरल असतील तर रिअ‍ॅक्टरचा खर्चच करायला नको, आणि अ‍ॅक्रोपोरांचं रान माजलं असेल तर तो बाराशेवाला डबा दम तोडतो. एवढे पैसे घेता, मग ही दोन मिनिटं गिऱ्हाइकाला द्यायला काय होतं?

त्याहून जास्त डोकं फिरतं ते "पीएच ६.५ लावा आणि विसरून जा" या सल्ल्याने. काय विसरून जा? गॅस चालू-बंद करणाऱ्या कंट्रोलरला अल्कलिनिटी दिसत नाही, त्याला फक्त पीएच मोजणारा प्रोब दिसतो. प्रोब जुना झाला, त्यावर थर बसला, कॅलिब्रेशन सरकलं, की ६.५ समजून तो आतलं पाणी ६.१ वर नेऊन ठेवतो. मीडियाचा लगदा होतो, पाणी आत फिरेनासं होतं, आणि कंट्रोलरच्या पडद्यावर मात्र सगळं ठीक. बरं, त्या प्रोबसोबत कॅलिब्रेशनची द्रावणं पाठवली कोणती, तर ७ आणि १० ची. रिअ‍ॅक्टर चालतो ७ च्या खाली, तिथे ७ आणि ४ ची लागतात! १० चं द्रावण टँकमधल्या प्रोबसाठी असतं. खोक्यात भरताना एवढंही बघत नाहीत, आणि विचारलं तर म्हणतात, काही फरक पडत नाही. पडतो.

कंट्रोलर हा राखणदार म्हणून ठेवायचा असतो, कारभारी म्हणून नाही. गॅस बांधायचा चांगल्या दोन टप्प्यांच्या रेग्युलेटरने आणि नीडल व्हॉल्व्हने (बारीक तोटीने), बुडबुडे दिवसरात्र एका लयीत पडतील असा. पाणी ओढायचं चोवीस तास चालण्यासाठीच बनवलेल्या, नळी दाबत पाणी ढकलणाऱ्या पेरिस्टाल्टिक पंपाने, कारण छोटा व्हॉल्व्ह आवळून प्रवाह ठरवला की तो आपोआप तुंबत जातो. कंट्रोलरचा आकडा नेहमीच्या पीएचपेक्षा थोडा खाली, म्हणजे काही बिघडलं तरच तो गॅस तोडेल. आणि मोजायची ती बाहेर येणाऱ्या पाण्याची आणि टँकची अल्कलिनिटी. हे मला एकाही विक्रेत्याने सांगितलं नाही. एकानेही नाही.

बसवून देणाऱ्यांचा कारभार तर वेगळाच. आमच्याकडे उन्हाळ्यात लाइन जाते, हे इथल्या माणसाला सांगावं लागतं का? तरी कंट्रोलर आणि सोलेनॉइड (विजेवर उघडणारा गॅसचा व्हॉल्व्ह) जोडले इन्व्हर्टरवर आणि रिअ‍ॅक्टरचा फिरता पंप मेनवर, का तर "पंप लोड खाते". लाइन गेली. पाणी थांबलं, प्रोबपाशी तेच जुनं पाणी, पीएचचा आकडा वरच, त्यामुळे सोलेनॉइड उघडा आणि गॅस येतोच आहे. लाइन आली तेव्हा चेंबर गॅसने भरलेला आणि पंप कोरडाच फिरतोय. अरे बाप्पा, लाइन गेली की बंद व्हावा म्हणूनच तर तो सोलेनॉइड असतो! पंप आणि सोलेनॉइड एकाच बोर्डावर ठेवायला काय अक्कल लागते?

नवतपात, मेअखेरच्या त्या नऊ कडक दिवसांत, बाहेर पंचेचाळीसच्या वर गेलं की टँकची खोली दारं-खिडक्या लावून एसीत ठेवावी लागते. बंद खोलीत माणसांच्या श्वासाचा कार्बन डायऑक्साइड साठतो आणि रिअ‍ॅक्टर सुरू करण्याआधीच टँकचा पीएच ७.८ वर येऊन बसतो. त्यात रिअ‍ॅक्टरचं आंबट पाणी. म्हणून मीडिया भरलेला दुसरा चेंबर लागतो, उरलेला गॅस तिथे कामी येतो आणि पाणी थोडं सावरून सम्पमध्ये (टँकखालच्या टाकीत) पडतं. विक्रेते त्याला "एक्स्ट्रा" म्हणतात, हवा तर घ्या. इथे तो एक्स्ट्रा नाही. स्किमरची (फेसाने मळ काढणाऱ्या यंत्राची) हवेची नळी खिडकीबाहेर काढा, रात्रीच्या टॉप-अपमध्ये (आटलेलं पाणी भरताना) चुन्याची निवळी द्या, याने पीएच खरंच वर येतो. पण हे सांगून काही विकलं जात नाही ना, मग कोण सांगणार.

आणि गॅस. कार्बन डायऑक्साइड ३१ अंशांच्या वर सिलिंडरमध्ये द्रव राहतच नाही, आणि त्यापुढे दाब किती चढेल ते आत किती भरलाय यावर ठरतं. विदर्भातल्या मे महिन्यात हे पुस्तकातलं ज्ञान नाही, दारात उभं असलेलं संकट आहे. जास्त भरलेला सिलिंडर तापला की सेफ्टी डिस्क फुटते. कमी भरलेला लवकर संपतो, आणि संपता संपता एका टप्प्याचा स्वस्त रेग्युलेटर उरलेला गॅस भसकन सोडून देतो. म्हणजे वजन करून भरणं हाच सगळा खेळ. सिलिंडरचे नियम सांभाळणाऱ्या पेसोचं मुख्यालय याच शहरात आहे, सेमिनरी हिल्सला, आणि याच शहरात माझा भरणारा माणूस काटा न लावता, हाताने उचलून बघत "फुल्ल आहे भाऊ" म्हणतो! हायड्रो टेस्टची (सिलिंडरच्या दाब-चाचणीची) तारीख वाचतही नाही. काहून वाचत नाही विचारलं, तर म्हणतो आजवर काही झालं नाही.

आता काटा मी घरून नेतो. रिकामं वजन सिलिंडरच्या गळ्यावर कोरलेलं असतं, ते त्याला मोठ्याने वाचून दाखवतो, भरलेला सिलिंडर काट्यावर ठेवायला लावतो, आणि आकडा जुळला तरच पैसे देतो. त्याला राग येतो. येऊ दे.