ताडोबा एका दिवसात? पटलं नाही
नागपूरहून ताडोबा एका दिवसात आरामात होतं, हे नागपूरजवळच्या एका दिवसाच्या सहलींवरच्या तुमच्या लेखातलं वाक्य वाचून राहवलं नाही. मोहर्ली गेटवर सकाळची सफारी गाठायची तर घर मध्यरात्रीनंतरच सोडावं लागतं. आम्ही तसं केलंय. जिप्सीत लेकरं ब्लँकेटमध्ये गाढ झोपलेली, शेजारी चितळ ओरडतंय आणि बघायला कोणी जागं नाही! परतीच्या वाटेवर तर गाडी चालवणाऱ्याचेच डोळे मिटत होते. ताडोबाला एक मुक्काम हवाच.

एका दिवसाचं जंगल म्हणजे पेंचचं सिल्लारी गेट, नाहीतर उमरेड-कऱ्हांडला. दुपारची सफारी करून रात्री जेवायला घरी. कऱ्हांडल्याचं लेखात नावही नाही, याचं फार वाईट वाटलं. अहो, ‘जय’ हा प्रसिद्ध वाघ तिथेच तर गाजला ना! आणि ताडोबा मंगळवारी बंद असतं, तेवढं तरी लिहा.