‘ओरेगॉन’चा संस्थापक कोण? एक खुलासा

‘ओरेगॉन हा वाद्यवृंद मुंबईचे तालवादक त्रिलोक गुर्टू यांनी स्थापन केला आणि त्यातली सतार रविशंकर यांची आहे’ असा मजकूर सध्या फिरत आहे. तो दोन्ही बाबतींत चुकीचा आहे. राल्फ टाउनर, ग्लेन मूर, पॉल मॅककँडलेस आणि कॉलिन वॉलकॉट या चौघा अमेरिकी वादकांनी १९७० च्या सुमारास हा वाद्यवृंद उभा केला. बारा तारांची गिटार, डबल बास आणि ओबो (फुंकून वाजवायचे वाद्य) यांच्या जोडीला सतार आणि तबला वाजवणारा वॉलकॉट हा रविशंकर यांच्याकडे सतार आणि अल्लारखाँ यांच्याकडे तबला शिकलेला शिष्य होता, आणि बहुधा या गुरुनामामुळेच घोटाळा झाला असावा. नोव्हेंबर १९८४ मध्ये पूर्व जर्मनीत मोटार अपघातात त्याचे निधन झाले, आणि त्यानंतरच बेळगावात जन्मलेल्या ठुमरीगायिका शोभा गुर्टू यांचे चिरंजीव त्रिलोक ‘ओरेगॉन’मध्ये आले. त्यांचे वादन अव्वल दर्जाचे आहे, त्यासाठी संस्थापकपदाची उसनी झूल पांघरण्याची गरज नाही. ‘ओरेगॉन’साठी ‘संपूर्ण अकूस्टिक’ (म्हणजे केवळ विजेविना वाजणाऱ्या वाद्यांचा) हे विशेषणही जपूनच वापरावे, कारण ऐंशीच्या दशकात टाउनर सिंथेसायझर हे इलेक्ट्रॉनिक वाद्यही वाजवू लागले होते.