आपली परवानगी आपल्याचकडून घ्यावी

मी घरी बसून पाठ्यपुस्तकांची प्रुफं तपासतो. लेखकाने 'कि' लिहिलं असेल तिथे मुकाट्याने 'की' करायचं, 'आशिर्वाद' दिसला की त्याची वेलांटी बदलायची, असा हा उद्योग. या उद्योगात माणसाला विरंगुळा लागतो. माझा विरंगुळा म्हणजे बुद्धिबळाची एक साईट, आणि त्यातही एक मिनिटाचे डाव. प्रत्येकाला साठ सेकंद, जगाच्या कुठल्यातरी कोपऱ्यातला कोणीतरी समोर, आणि शेवटी बहुतेक वेळा माझा राजा कोपऱ्यात. डाव एकाच मिनिटाचा असल्यामुळे 'एवढा एकच' म्हणून दुसरा लावायला जिवावर येत नाही. अशा एकेका मिनिटात सातवीचा भूगोल संध्याकाळपर्यंत तसाच पडून राहतो.

नागपूरच्या दिव्या देशमुखने २०२५ साली महिलांचा विश्वचषक जिंकला तेव्हा घरात माझ्या खेळाला थोडी प्रतिष्ठा येईल अशी आशा होती. बायको म्हणाली, "ती घड्याळ लावून जिंकते. तुम्ही घड्याळ लावून हरता."

म्हणून साईट बंद करायचं ठरलं. भाचा हिंजवडीत सॉफ्टवेअरमध्ये आहे, त्याला फोन केला. तो म्हणाला, "मामा, मनावर ताबा वगैरे विसर. होस्ट्स फाईलमध्ये एक ओळ टाक, साईट उघडणारच नाही. दोन मिनिटांचं काम आहे." हिंजवडीतली दोन मिनिटं तिथल्या ट्रॅफिकच्या हिशेबाने मोजायची असतात.

होस्ट्स फाईल म्हणजे काय, तर पत्त्यांची चिठ्ठी. प्रत्येक साईटच्या नावामागे आकड्यांचा एक पत्ता असतो. आपण नाव टाकलं की कॉम्प्युटर तो पत्ता बाहेर विचारायला जातो. पण जायच्या आधी घरातली ही चिठ्ठी बघतो. चिठ्ठीत जे असेल ते प्रमाण. तिथे बुद्धिबळाच्या साईटच्या नावाआधी १२७.०.०.१ लिहिलं की काम झालं, कारण हा आकडा म्हणजे तो कॉम्प्युटर स्वतःच. तो साईटच्या शोधात निघतो आणि आपल्याच दाराशी येऊन उभा राहतो.

या चिठ्ठीचं घराणं जुनं आहे. १९८३ साली पॉल मोकापेट्रिस यांनी डीएनएस, म्हणजे नावावरून पत्ता शोधायची आजची पद्धत मांडली. त्याआधी आर्पानेटवरच्या, म्हणजे इंटरनेटच्या पूर्वजावरच्या, सगळ्या यंत्रांची नावं एकाच फाईलमध्ये असत आणि ती फाईल कॅलिफोर्नियातल्या स्टॅनफर्ड रिसर्च इन्स्टिट्यूटमध्ये एलिझाबेथ फाईन्लर यांची मंडळी सांभाळत. आपल्या यंत्राचं नाव चढवायचं असेल तर त्यांना कळवायचं. म्हणजे परवानगी तेव्हाही लागत होतीच. पण ती द्यायला हाडामांसाची माणसं होती, आणि ऑफिसच्या वेळात फोन केला तर तो उचलला जात होता. हा तपशील लक्षात ठेवा, कारण पुढे माझ्यावर जी वेळ आली तिच्यात मला या बाईंची फार आठवण आली.

विंडोजमध्ये ही फाईल सापडते ती सी ड्राइव्ह, विंडोज, सिस्टीम ३२, ड्रायव्हर्स आणि ईटीसी अशा पायऱ्या उतरून अगदी तळघरात. नोटपॅडमध्ये उघडली. वर १९९३-२००९ असा कॉपीराइट, खाली हॅशचं चिन्ह लावलेल्या, म्हणजे कॉम्प्युटरने वाचायच्या नाहीत अशा ओळी, आणि उदाहरण म्हणून 'ऱ्हायनो डॉट ॲक्मे डॉट कॉम' असा एक पत्ता. हा गेंडा कितीतरी विंडोज कॉम्प्युटरांच्या पोटात वर्षानुवर्षं बसून आहे. कोणाच्या अध्यात नाही की मध्यात नाही. त्याच्याखाली मी माझी ओळ टाकली आणि कंट्रोल-एस दाबलं.

सेव्ह होण्याऐवजी 'कुठे सेव्ह करू' अशी खिडकी उघडली. 'अरे, जिथे होती तिथेच' असं म्हणून मी पुन्हा सेव्ह दाबलं. तेव्हा उत्तर आलं, मराठीत सांगायचं तर असं: या जागी सेव्ह करायची तुम्हाला परवानगी नाही. परवानगीसाठी ॲडमिनिस्ट्रेटरशी संपर्क साधा. त्याऐवजी डॉक्युमेंट्समध्ये सेव्ह करू का?

मी मागे वळून पाहिलं. खोलीत मी एकटा. कॉम्प्युटर माझ्या पैशाचा, बिल अजून कपाटात. त्यावर खातं एकच, आणि त्या खात्याच्या नावाखाली स्वच्छ लिहिलेलं: ॲडमिनिस्ट्रेटर. आता संपर्क साधायचा तो कोणाशी? आणि डॉक्युमेंट्समध्ये सेव्ह करून काय होणार? तिथे ती फाईल जन्मभर पडून राहिली तरी कॉम्प्युटर तिच्याकडे ढुंकून बघणार नाही. तक्रार अर्ज घेऊन आलेल्याला 'तो बाहेरच्या टेबलावर ठेवा' म्हणतात, तशातला प्रकार.

भाच्याला पुन्हा फोन. "मामा, तू ॲडमिनिस्ट्रेटर आहेस, पण सारखा नाहीस." हे वाक्य त्याने इतक्या शांतपणे उच्चारलं की मला पटल्यासारखं वाटलं. २००७ साली विंडोजचं व्हिस्टा आलं तेव्हापासून ही व्यवस्था आहे म्हणे. ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून आत आलात तरी कॉम्प्युटर तुम्हाला दोन ओळखपत्रं देतो, एक साधं आणि एक अधिकाराचं. रोजच्या कामाला साधंच गळ्यात. अधिकाराचं हवं असेल तेव्हा वेगळं मागायचं. मग स्क्रीन काळवंडते, मधोमध एक चौकट येते आणि 'हो' म्हणायचं. हे त्याआधी मी कितीदा तरी केलं होतं, पण न वाचता. ती चौकट आली की 'हो' दाबायचं हा आपल्याकडे सगळ्यांचाच रिवाज आहे. एरवी प्रत्येक वाक्य दोनदा वाचणारा मी, तिथे मात्र डोळे मिटून सही करत होतो.

खरं सांगायचं तर या पहाऱ्याबद्दल माझी तक्रार नाही. एखादा व्हायरस माझ्या नावाने आत शिरला आणि त्याने या चिठ्ठीत बँकेच्या नावापुढे भलत्याच कोणाचा पत्ता लिहिला, तर मी बँक समजून त्या भलत्याच्या दारात पासवर्ड ठेवून येईन. असं झालेलं आहे, म्हणून तर पहारा बसला. माझी तक्रार आहे ती बोलण्याच्या पद्धतीबद्दल. 'ॲडमिनिस्ट्रेटरशी संपर्क साधा' हे ॲडमिनिस्ट्रेटरलाच सांगायचं नसतं. 'नोटपॅड बंद करा, त्यावर राईट क्लिक करा आणि रन ॲज ॲडमिनिस्ट्रेटर म्हणा' एवढं लिहिलं असतं तर काय बिघडलं असतं?

मी ते केलं. स्क्रीन काळवंडली, 'हो' म्हटलं, नोटपॅड उघडलं. त्यातून ओपन करत करत पुन्हा त्या तळघरात उतरलो तर ईटीसी फोल्डर रिकामं. फाईल गायब! मघाशी गेंड्यासकट होती. मग खाली उजव्या कोपऱ्यात बारीक अक्षरं दिसली: 'टेक्स्ट डॉक्युमेंट्स'. नोटपॅड फक्त टीएक्सटी शेपटीच्या फायली दाखवत होतं, आणि होस्ट्सला शेपूट नाही. तिथे 'ऑल फाइल्स' केल्यावर ती प्रगट झाली. ओळ टाकली, कंट्रोल-एस. पुन्हा नकार.

एवढ्यात भाच्याने मीटिंगमधून कुजबुजत एक आडवाट सांगितली: फाईल डेस्कटॉपवर सेव्ह कर, तिथून ओढून त्या फोल्डरमध्ये टाक. टाकली. या वेळी कॉम्प्युटरने 'कंटिन्यू?' विचारलं, मी 'कंटिन्यू' म्हटलं, फाईल आत गेली. विजय! लगेच खात्री करायला साईट उघडून पाहिली, तर ती उघडली. उघडलीच आहे म्हणून एक डाव खेळलो. तो जिंकलो, हे इथे नमूद केलं पाहिजे, कारण असं फार वेळा घडत नाही.

फोल्डरमध्ये बघतो तर होस्ट्स नावाच्या दोन फायली शेजारीशेजारी. एकाच फोल्डरमध्ये एकाच नावाच्या दोन फायली राहूच शकत नाहीत, एवढं मलाही माहीत होतं. उलगडा असा झाला की डेस्कटॉपवर सेव्ह करताना नोटपॅडने तिला गुपचूप टीएक्सटीचं शेपूट लावलं, आणि विंडोज अशी शेपटं दाखवत नाही. आपल्याला त्रास नको म्हणून लपवून ठेवतं. ज्या माणसाची पोळी हरवलेला अनुस्वार शोधण्यावर पिकते, त्याच्यापासून अख्खी तीन अक्षरं आणि एक टिंब लपवायचं, याला काय म्हणावं?

ॲडमिनिस्ट्रेटर होऊनही मिळालेल्या नकाराचं कारण नंतर सापडलं. फाईलच्या प्रॉपर्टीजमध्ये 'रीड-ओन्ली'वर, म्हणजे 'फक्त वाचा, बदलू नका'वर, खूण होती. पूर्वी कधीतरी बसवलेल्या कुठल्याशा फुकट अँटीव्हायरसने ती केली असावी असा भाच्याचा तर्क. खूण काढायला गेलो तर तिलाही ॲडमिनिस्ट्रेटरची परवानगी हवी. दिली. या टप्प्यावर मी परवानग्या बऱ्यापैकी उदारपणे देऊ लागलो होतो.

हा माझा पहिलाच अनुभव नव्हे. मागे जुन्या कॉम्प्युटरची डिस्क नव्यात बसवली होती आणि तिच्यावरचं जुनं विंडोज फोल्डर उडवायचं होतं. मेलेलं विंडोज ते, कोणाच्या उपयोगाचं नाही. तरी निरोप आला: या फोल्डरमध्ये बदल करण्यासाठी ट्रस्टेड इन्स्टॉलरची परवानगी घ्या. हे गृहस्थ कोण, कुठे बसतात, किती वाजता भेटतात, काही कळेना. चौकशीत समजलं की विंडोजच्या मूळ फायलींची मालकी या अदृश्य सेवेकडे असते, आणि फायली अद्ययावत करायचं काम तिचं. ॲडमिनिस्ट्रेटर सुद्धा त्या फायली फक्त बघू शकतो. विश्वासू तो, आणि आपण नुसते मालक.

पण मालकी काढून घेता येते. प्रॉपर्टीज, सिक्युरिटी, ॲडव्हान्स्ड, आणि 'ओनर'च्या शेजारी बारीकसं 'चेंज'. तिथे माझं नाव लिहिलं, मालकी माझ्याकडे आली, फोल्डर डिलीट केलं. तेव्हा जो निरोप आला तो मी कागदावर उतरवून ठेवला आहे. या फोल्डरमध्ये बदल करण्यासाठी अमुक यांची परवानगी आवश्यक आहे. अमुकच्या जागी माझं नाव, आडनावासकट, स्पेलिंग बिनचूक.

बायकोला बोलावून दाखवलं. ती म्हणाली, "मग देऊन टाका की." देणार कुठे? मागणारा मी, देणारा मी, आणि मधे कॉम्प्युटर दोघांची गाठ पडू देईना. यातही तर्क आहे, तो असा: मालकी वेगळी आणि अधिकार वेगळे. मालक झालात म्हणजे अधिकार वाटायचा अधिकार मिळाला. तो वापरून आधी स्वतःला 'फुल कंट्रोल' द्यायचा, मग हात लावायचा. ज्यांनी वडिलोपार्जित जमिनीच्या सातबाऱ्यावर नाव चढवलंय त्यांना हे समजावून सांगावं लागणार नाही.

माझा एक मित्र मॅकवाला आहे. त्याच्यापाशी हे बोललो तर तो हसला. मग त्याला त्याच्याच मॅकवर सिस्टीम फोल्डरमधली एक फाईल हलवायला सांगितली. २०१५च्या एल कॅपिटन या आवृत्तीपासून मॅकमध्ये असं संरक्षण आहे की तिथल्या फायलींना रूट, म्हणजे साक्षात सर्वाधिकारीसुद्धा, हात लावू शकत नाही. हसणं थांबलं. लिनक्सवाले मात्र वेगळ्याच तोऱ्यात असतात. कुठल्याही आज्ञेपुढे 'सुडू' हा सर्वाधिकाराचा शब्द लावला की पर्वत हलतो असा त्यांचा समज. पण ते पहिल्यांदा वापरलं की अनेक यंत्रांवर छोटंसं प्रवचन ऐकावं लागतं: दुसऱ्याच्या खासगीपणाचा मान ठेवा, टाईप करण्याआधी विचार करा, मोठ्या सत्तेबरोबर मोठी जबाबदारी येते. मग पासवर्ड मागतात. तो टाईप करताना बऱ्याच ठिकाणी स्क्रीनवर एक ठिपकाही उमटत नाही, त्यामुळे आपण टाईप करतोय की नुसतेच बोटं नाचवतोय ते कळत नाही. आणि 'सुडू' वापरू शकणाऱ्यांच्या यादीत तुमचं नाव नसेल तर 'या घटनेची नोंद वर कळवली जाईल' असा दम. भाच्याला ऑफिसात नव्यानं लागल्यावर हा दम मिळाला होता आणि दिवसभर त्याचं जेवणात लक्ष नव्हतं.

असो. खूण निघाली, ओळ सेव्ह झाली, या वेळी खरोखर झाली. साईट उघडून पाहिली, उघडली नाही. नंतर लक्षात आलं की नावाआधीचं 'डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू' गाळून टाईप केलं तर ती खुशाल उघडते. होस्ट्स फाईल अक्षरशः लिहिलेलंच मानते, त्यामुळे दोन्ही रूपांसाठी दोन ओळी लागतात. हा काटेकोरपणा मला आवडला. दुसरी ओळ घातली, कमांडच्या काळ्या खिडकीत 'आयपीकॉन्फिग' आणि 'फ्लश डीएनएस' लिहून कॉम्प्युटरची जुनी आठवण पुसली, आणि बंदी सर्व बाजूंनी लागू झाली.

अडचण पुढे आली. एवढ्या खटाटोपात मी या विद्येत तरबेज झालो होतो. नोटपॅडवर राईट क्लिक, 'हो', ऑल फाइल्स, ओळीच्या आधी एक हॅश, कंट्रोल-एस. चहा गाळेपर्यंत बंदी उठते. सातवीच्या भूगोलातले मान्सूनचे वारे पुन्हा जिथल्या तिथे थांबले.

तेव्हा भाच्यानेच यावर उपाय काढला. माझं खातं साधं करून टाकलं, ॲडमिनिस्ट्रेटरचं वेगळं उघडलं, आणि त्याचा पासवर्ड स्वतःजवळ ठेवला. आता स्क्रीन काळवंडते ती 'हो' विचारायला नाही, पासवर्ड मागायला. ॲडमिनिस्ट्रेटरशी संपर्क साधा, या वाक्याला अखेर अर्थ आला आहे आणि फोन नंबरही. परवा नवा प्रिंटर आला. त्याचं सॉफ्टवेअर बसवायचं होतं, म्हणून मी हिंजवडीला फोन लावला.

पलीकडे जरा वेळ शांतता. मग प्रश्न आला, "मामा, प्रिंटरचा फोटो पाठव आधी."