टर्कीत आदल्या रात्री सारण भरून ठेवायला सांगणाऱ्या पोस्टला उत्तर

थँक्सगिव्हिंग-ख्रिसमस जवळ आलं की भरलेल्या टर्कीची, म्हणजे पोटात सारण भरून अख्ख्या भाजलेल्या त्या मोठ्या पक्ष्याची, ती पोस्ट परत फिरायला लागते, या ग्रुपवरून त्या ग्रुपवर. ज्यांनी वाचली नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. टर्की नळाखाली स्वच्छ धुवा, सारण आदल्या रात्रीच करून पोटात दाबून दाबून भरून ठेवा म्हणजे ताज्या हर्ब्जचा, म्हणजे वासाच्या पानांचा, वास रात्रभरात हाडापर्यंत मुरतो, सकाळी आधी कडक आचेवर वरून भाजून रस आत लॉक करा, मग दर पंधरा मिनिटांनी ओव्हन उघडून पॅनमधला रस वरून सोडत राहा, मांडीला टोचल्यावर स्वच्छ पाणी आलं की टर्की झाली, थर्मामीटरची काही गरज नाही, आणि उरलेलं सारण आतच राहू द्या म्हणजे दुसऱ्या दिवशीही सुकत नाही.

यातल्या दोन-तीन गोष्टींनी टर्की फक्त कोरडी किंवा बेचव होईल, पण बाकीच्यांनी माणसं आजारी पडतील, आणि सणाच्या टेबलावर म्हातारी माणसं, लहान मुलं, एखादी गरोदर बाई असतेच असते. म्हणून एकेक मुद्दा घेते. एक गोष्ट आधीच सांगून ठेवते, कारण पुढचं सगळं तिच्यावरच उभं आहे: भरलेली टर्की झाली की नाही हे टर्की ठरवत नाही, तिच्या पोटातल्या सारणाचा मधला भाग ठरवतो. पोस्टमधला जवळजवळ प्रत्येक सल्ला बाहेरून बघून दिलेला आहे आणि तिथेच सगळी गडबड आहे.

आधी रात्री भरून ठेवायचं बघू. कच्च्या टर्कीच्या पोकळीत साल्मोनेला, कॅम्पिलोबॅक्टर असे आजारी पाडणारे जंतू असू शकतात हे धरूनच चालायचं असतं. त्यात तुम्ही ब्रेड, स्टॉक (हाडं-भाज्या उकळून गाळलेलं पाणी), अंडं, परतलेला कांदा-सेलरी असं ओलसर सारण भरता, म्हणजे कच्च्या मांसाचा रस शोषून घेणारी आणि जंतूंना वाढायला अगदी सोयीची जागा तयार करता. फ्रिजमध्ये ठेवली तरी गार होते ती बाहेरून, पाच-सहा किलोच्या पक्ष्याच्या बरोबर मध्ये असलेलं सारण गार व्हायला कितीतरी तास लागतात, आणि तेवढा वेळ ते ४ ते ६० डिग्री सेल्सियसच्या मधल्या पट्ट्यात पडून राहतं जिथे जंतू भराभर वाढतात. बरं, सकाळपर्यंत ते शेवटी गार झालंच तर दुसरीच पंचाईत, आता तेच गारढोण सारण ओव्हनमध्ये तापायला आणखी वेळ घेणार. अमेरिकेच्या कृषी खात्याची, म्हणजे यूएसडीएची सूचना याबाबत स्पष्ट आहे की सारण ओव्हनमध्ये घालायच्या अगदी आधी भरायचं, आदल्या रात्री अजिबात नाही.

रात्री करता येण्यासारखं भरपूर आहे की! ब्रेडचे तुकडे सुकवून ठेवा, कांदा-सेलरी बटरमध्ये परतून फ्रिजमध्ये ठेवा, हर्ब्ज निवडून ठेवा. फक्त ओलं वेगळं आणि कोरडं वेगळं. सकाळी स्टॉक गरम करून सगळं एकत्र करायचं आणि गरम गरमच भरून टर्की लगेच ओव्हनमध्ये. सारणात सॉसेज किंवा ऑयस्टर (कालवं) घालणार असाल तर ते आधी पूर्ण शिजवून घ्यायचे, कच्चे कधीच नाही.

दाबून भरणं तर त्याहून वाईट. ब्रेड रस पिऊन फुगतो, त्यामुळे आधीच ठासलेलं सारण आत घट्ट गोळा होऊन बसतं आणि मध्यापर्यंत उष्णता पोचायला उशीर लागतो. प्रमाण साधारण असं धरतात की टर्कीच्या दर अर्ध्या किलोला पाऊण कप, तेही सैल हाताने भरायचं, आणि उरलेलं वेगळ्या डिशमध्ये बेक करायचं, ज्याची वरची कुरकुरीत बाजू बऱ्याच लोकांना आतल्यापेक्षा जास्त आवडते. सारण ओलसर हवं, कारण ओल्यात उष्णता जंतूंना लवकर मारते.

हे प्रत्यक्षात कसं दिसतं ते सांगते. सहा किलोच्या आसपासची भरलेली टर्की ३२५ फॅरनहाइटला, म्हणजे साधारण १६३ सेल्सियसला, साडेतीन ते चार तास घेते. तीन तास होऊन गेले की बाहेरून ती अगदी फोटोतल्यासारखी दिसते, सोनेरी, चकचकीत, घरभर सेज या हर्बचा वास. छातीच्या मांसात थर्मामीटर खुपसला तर ७४ सेल्सियस दाखवतो. मग तोच थर्मामीटर पोकळीतून सारणाच्या मधोमध घाला, आकडा साठीच्या आसपास घुटमळताना दिसतो. ज्यांनी कधी तिथे मोजलंच नाही त्यांना हा फरक माहीतच नसतो, ते इथेच टर्की बाहेर काढतात. सारणाचा मधला भागही ७४ सेल्सियसला, म्हणजे १६५ फॅरनहाइटला पोचायलाच पाहिजे, कारण कच्च्या टर्कीचा सगळा रस त्याच्यातच गळलेला असतो. पोचला नसेल तर परत ओव्हनमध्ये. तोवर छाती कोरडी पडते हे खरं आहे आणि ते लपवण्यात अर्थ नाही, छातीवर फॉइल झाकून थोडंफार वाचवता येतं, म्हणूनच मी म्हणते की कमी भरा, सैल भरा आणि गरम भरा, म्हणजे सारण आणि छाती यांच्यातलं अंतर मुळातच कमी राहतं.

आणि याच कारणासाठी टर्की पूर्ण डीफ्रॉस्ट झालेली हवी. फ्रिजमध्ये दर दोन किलोला चोवीस तास धरा, म्हणजे सहा किलोला तीन दिवस. पोकळीत हात घातल्यावर बर्फ लागत असेल तर त्या टर्कीत सारण भरूच नका.

आता हर्ब्ज, माझा सगळ्यात लाडका विषय, आणि इथे ती पोस्ट लोकांचं चांगलं सामान वाया घालवते. पोटात हर्ब्ज भरून वास हाडापर्यंत मुरत नाही. सेज, रोझमेरी, थाइम यांचा वास असतो त्यांच्या तेलांमध्ये, ती तेलं पाण्यात फारशी विरघळत नाहीत आणि कच्चं मांस म्हणजे तीन चतुर्थांश पाणीच, त्यामुळे रात्रभर ठेवा नाहीतर दोन दिवस ठेवा, वास वरच्या पातळ थराच्या पलीकडे जात नाही. आत खोलवर जातं ते मीठ. एक ते तीन दिवस आधी टर्कीला बाहेरून-आतून मीठ चोळून फ्रिजमध्ये उघडी ठेवली की मीठ आधी पाणी बाहेर ओढतं, त्यातच विरघळतं, आणि हळूहळू परत आत शिरून मांसातली प्रथिनं सैल करतं, मग तेच मांस भाजताना पाणी धरून ठेवतं, शिवाय स्किन सुकते ती वेगळीच कमाई, कारण कोरडी स्किनच कुरकुरीत होते. म्हणजे आदल्या रात्रीचा वेळ कशाला द्यायचा तर मिठाला. फक्त पाकिटावर मिठाचं द्रावण घातल्याचं लिहिलं असेल किंवा टर्की कोशर (ज्यू धर्मनियमांप्रमाणे आधीच मीठ लावून तयार केलेली) असेल तर हे करू नका, खारट होईल.

मग हर्ब्ज कुठे घालायचे? स्किनच्या खाली, सारणात आणि ग्रेव्हीत. मऊ झालेलं बटर घ्या, सेजची पानं बारीक चिरा, थाइमची काडी वरच्या टोकाला धरून उलट्या दिशेने बोटं ओढली की पानं आपोआप गळतात, आणि रोझमेरी मात्र अगदी बारीक, कारण तिची पानं सुईसारखी असतात आणि भाजल्यावरही दाताखाली टोचतात. हर्ब्ज धुतले असतील तर आधी पूर्ण कोरडे करा, ओल्या पानांचं बटर धरतच नाही. मग मानेच्या बाजूने स्किन आणि छातीच्या मधे बोटं सपाट सरकवायची, नखं लागू द्यायची नाहीत, मधोमध एक पातळ पडदा चिकटलेला असतो तो हळूच सोडवायचा, बटरचा गोळा आत ढकलायचा आणि वरून तळव्याने दाबत पुढे न्यायचा. स्किनमधून हिरवी नक्षी दिसायला लागते. इथे हर्ब थेट मांसाला लागतो, बटरमध्ये त्याची तेलं उतरतात, आणि वर स्किनचं पांघरूण असल्यामुळे जळत नाही. अख्ख्या काड्या स्किनच्या वर ठेवल्या तर तीन-चार तासांत काळ्या कडू होणार, फोटोसाठी ठेवायच्या असतील तर वाढताना ताज्या ठेवा. सारणासाठीचा सेज कांद्याबरोबर बटरमध्ये परता, कच्चा टाकला तर उग्र लागतो. पार्सली शेवटी. सुके हर्ब्ज वापरणार असाल तर ताज्याच्या एक तृतीयांश घ्या.

रस लॉक करायची कल्पना फार जुनी आहे, एकोणिसाव्या शतकात युस्टुस फॉन लीबिग या जर्मन रसायनशास्त्रज्ञाने ती मांडली, आणि नंतर लोकांनी मांस वजन करून भाजून बघितलं तेव्हा कडक आचेवर आधी भाजलेल्या मांसाचं पाणी कमी जात नाही हे दिसलं, काही वेळा तर जास्तच जातं. रस किती जाणार हे ठरतं आतलं तापमान किती वर गेलं त्याच्यावर. कडक आचेने रंग येतो, चव येते, ते चांगलंच आहे, पण भरलेल्या टर्कीत त्याने बाहेरचं आणखी पुढे पळतं आणि सारण आणखी मागे राहतं. एकसारखी १६३ सेल्सियस ठेवा. त्याच्या खाली मात्र नाही, रात्रभर अगदी मंद आचेवर ठेवून द्यायचा जो सल्ला देतात तो भरलेल्या टर्कीत तर सरळ धोकादायक आहे.

दर पंधरा मिनिटांनी रस सोडणं म्हणजे नुसती मेहनत. रस स्किनवरून ओघळून परत पॅनमध्येच जातो, मांसात शिरत नाही, वर स्किन ओली राहून मऊ पडते आणि दर वेळी दार उघडल्याने ओव्हन गार होऊन वेळ वाढतो. सुरुवातीला एकदा तेल किंवा बटर चोळा आणि दार बंद ठेवा.

धुण्याबद्दल थोडक्यात. धुऊ नका. जंतू पाण्याने जात नाहीत, उडणाऱ्या थेंबांबरोबर सिंक, ओटा, शेजारी ठेवलेलं सॅलड सगळीकडे जातात. पेपर टॉवेलने आतून-बाहेरून टिपून घ्या, टॉवेल लगेच टाका, हात साबणाने धुवा.

आता ते टोचल्यावर येणारं स्वच्छ पाणी. मांसाचा आणि रसाचा रंग मायोग्लोबिन या मांसातल्या रंगद्रव्यामुळे असतो आणि तो कधी बदलेल याचा भरवसा नाही, पूर्ण शिजलेल्या टर्कीतही हाडाजवळ गुलाबी राहू शकतं आणि उलट न शिजलेल्यातही पाणी स्वच्छ येऊ शकतं. काही टर्कींना लावून येणारं ते प्लॅस्टिकचं पॉप-अप बटणसुद्धा पुरेसं नाही, त्यात एक स्प्रिंग असते, ठरावीक तापमानाला आतला पदार्थ वितळला की बटण वर येतं, पण त्याला कळतं फक्त छातीतल्या त्या एका जागेचं. सारणाचं त्याला काहीच माहीत नसतं. तीन जागी मोजा: छातीचा सगळ्यात जाड भाग, मांडीचा आतला भाग हाडाला न लागता, आणि सारणाचा मध्य. मांडी ७४ च्या थोडी पुढे, ८० च्या आसपास गेली तर आणखी चांगली, तिच्यातलं कोलॅजन, म्हणजे मांसाला चिवट करणारं प्रथिन, विरघळून ती मऊ होते.

यावर हमखास उत्तर येतं की आम्ही इतकी वर्षं असंच करतोय, कधी कुणाला काही झालं नाही. साल्मोनेलाची लक्षणं जेवणानंतर सहा तासांपासून सहा दिवसांपर्यंत कधीही दिसू शकतात, कॅम्पिलोबॅक्टरची बहुतेक दोन ते पाच दिवसांनी. तोवर पाहुणे आपापल्या घरी गेलेले असतात, मधे बाहेर चार ठिकाणी जेवलेले असतात, आणि पोट बिघडलं की प्रवासाने झालं असेल म्हणतात, टर्कीचं नाव कुणी घेत नाही. त्यामुळे कधी काही झालं नाही हे यजमानाला कळणार तरी कुठून?

राहिलं उरलेलं सारण. टर्की बाहेर काढल्यावर वीस मिनिटं तशीच ठेवा, मग सारण सगळंच्या सगळं काढून घ्या, एक चमचाही आत ठेवू नका, आणि मग कापायला घ्या. आत राहिलेलं सारण इतकं सावकाश गार होतं की क्लॉस्ट्रिडियम परफ्रिंजेन्ससारख्या जंतूला वाढायला भरपूर वेळ मिळतो, याचे बीजाणू शिजवूनही टिकतात. ओव्हनमधून काढल्यापासून दोन तासांच्या आत मांस हाडावरून सोडवून आणि सारण वेगळं असं उथळ डब्यांमध्ये फ्रिजमध्ये गेलं पाहिजे. तीन-चार दिवसांत संपवा, आणि गरम करताना परत ७४ पर्यंत न्या. सारण सुकेल ही काळजी असेल तर गरम करताना वरून दोन चमचे स्टॉक घालून झाकण ठेवा.